एलपीएनची संध्याकाळची पाळी: चाव्या घेण्यापासून चाव्या देईपर्यंत

अमेरिकेतलं नर्सिंग होम म्हटल्यावर आपल्याकडचं दहा-बारा खाटांचं खासगी इस्पितळ डोळ्यांसमोर आणू नका. तिथं वयस्क आणि दीर्घ आजारी माणसं वर्षानुवर्षं राहतात, म्हणून त्यांना पेशंट नाही, रेसिडेंट म्हणतात. त्या मजल्यावर गोळ्या देणारी, जखमा बघणारी, डॉक्टरांना फोन लावणारी नर्स बहुतेक वेळा एलपीएन, म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स असते. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये तिलाच एलव्हीएन म्हणतात. साधारण वर्षभराचा मान्यताप्राप्त कोर्स, मग एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा आणि मग राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं लायसन्स, असा रस्ता आहे. परीक्षेत ८५ ते १५० प्रश्न, वेळ ५ तास, नोंदणी फी २०० डॉलर. इथपर्यंतची माहिती कुठंही मिळते. लायसन्स हातात आल्यावर पाळी कशी काढायची, हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

संध्याकाळची पाळी मुद्दाम निवडली आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार नर्सिंग होममध्ये आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, रोज सलग ८ तास असावीच लागते. हे ८ तास सहसा दिवसपाळीतच भरतात. दुपारी ३ ते रात्री ११ या वेळेत इमारतीत आरएन असेलच असं नाही. ती फोनवर असते. म्हणजे समोर काय घडतंय हे ओळखणं आणि ते योग्य माणसापर्यंत वेळेत पोचवणं हे तुमच्यावर येतं. नोकरी पत्करण्याआधी तीन गोष्टी सरळ विचारून घ्या: एका मेडकार्टवर, म्हणजे औषधांच्या कुलूपबंद ढकलगाडीवर, किती रेसिडेंट असतात, संध्याकाळी आरएन कुठं असते, आणि एकटं सोडण्याआधी किती पाळ्या सोबत काम करायला मिळेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन’ असं आलं आणि तुम्ही नवख्या असाल, तर जास्त मागा. मागण्यात कमीपणा नाही.

चाव्या हातात घेण्याआधी

पाळी सुरू होते ती काउंटने. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, लोराझेपाम यांसारखी नियंत्रित औषधं मेडकार्टमध्ये दुहेरी कुलपात असतात. जाणारी आणि येणारी नर्स मिळून ती मोजतात: एकीने वहीतला आकडा वाचायचा, दुसरीने प्रत्यक्ष गोळ्या मोजायच्या. येणाऱ्या नर्सने गोळ्यांच्या बाजूलाच राहावं. वहीत काय लिहिलंय ते नंतरही वाचता येतं, पण कार्डात काय आहे ते आत्ताच बघायचं असतं.

गोळ्या बबल कार्डात येतात, एकेका फुग्यात एकेक. नुसते भरलेले फुगे मोजून थांबू नका. कार्ड उलटं करा आणि मागचा पातळ कागद उजेडात तिरका धरून बघा. कुठं चिकटपट्टी लावलीय का, कागद फाटून परत दाबलाय का, गोळीचा रंग किंवा कोरलेला अंक शेजारच्या गोळीपेक्षा वेगळा आहे का? खरी गोळी काढून तिथं दुसरीच साधी गोळी बसवायची आणि पाठीमागून पट्टी लावायची, हा चोरीचा जुना प्रकार आहे. आकडा बरोबर येतो, औषध मात्र गेलेलं असतं. द्रव मॉर्फिनची बाटली सपाट जागी ठेवून डोळ्याच्या पातळीवरून वाचा.

आकडा जुळला नाही तर सही करू नका आणि चाव्याही घेऊ नका. सुपरवायझरला बोलवा, हिशेब लागेपर्यंत आधीच्या नर्सने घरी जायचं नसतं. ‘अगं, मी द्यायला विसरले असेन, लिहून टाकते’ हे ऐकून मान डोलावली की ती गोळी तुमच्या लायसन्सवर आली. मैत्रीण असली तरी इथं भीड धरू नका.

फेंटानिलचा पॅच असलेल्या माणसाचा पॅच जाग्यावर आहे की नाही, हेही दर पाळीला बघायचं. तो साधारण ७२ तासांनी बदलतात. बदलताना जुना आधी काढा, चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि दुसऱ्या नर्सच्या साक्षीने नष्ट करा. जुना पाठीवर राहिला आणि नवा छातीवर लागला, तर दोन्हींचं औषध अंगात जातं आणि श्वास मंदावतो. पॅचवर शेकण्याची पिशवी ठेवली तरी तोच धोका. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

रिपोर्ट घेताना कहाण्या बाजूला ठेवून कामाचं तेवढं टिपा. कोण पडलं, कोणाचं अँटिबायोटिक कितव्या दिवशी आहे, कोणाला तीन दिवस शौचाला झालेलं नाही, कुठल्या तपासणीचा निकाल यायचाय, कोण हॉस्पिटलमधून आज परत आलं. एक कागद उभा दुमडून खोल्यांच्या क्रमाने नावं लिहा. समोर साखर, बीपी, जखम, ‘फोन करायचा’ अशी घरं पाडा. पाळीभर हा कागद खिशात राहतो आणि शेवटी श्रेडरमध्ये जातो.

मग लगेच फेरी, औषधांना हात लावण्याआधी. दहा मिनिटांत प्रत्येकाला डोळ्यांनी बघा. श्वास कसा आहे, ऑक्सिजनच्या नळीतला गोळा ऑर्डरमधल्या लिटरच्या रेषेवर आहे ना, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकतेय ना, बोलावण्याचं बटण हाताशी आहे ना. ही दहा मिनिटं वाचवायचा मोह होतो. पण रात्री आठला कोणी ग्लानीत दिसलं, तर ‘तीन वाजता कसं होतं?’ या प्रश्नाला फेरीशिवाय उत्तर नसतं.

मेड पास: ११२ मिनिटांचा हिशेब

औषध ठरल्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत द्यायचं, असा बहुतेक ठिकाणचा नियम असतो. म्हणजे ५ वाजताच्या गोळ्यांना ४ ते ६, एकूण १२० मिनिटं. कार्टवर २८ रेसिडेंट आणि प्रत्येकाला ४ मिनिटं धरली तर ११२ मिनिटं झाली. उरली आठ. या आठ मिनिटांत एक फोन, एक उलटी आणि ‘माझी मुलगी कधी येणार?’ हे सगळं बसवायचं असतं. घाई इथून येते आणि चुकाही.

म्हणून वेग हातांतून काढायला जाऊ नका, मांडणीतून काढा. चार वाजण्याआधी कार्ट भरून घ्या: पाण्याचे जग, छोटे कप, अ‍ॅपलसॉस, चमचे, गोळ्या कुटायच्या पिशव्या, लॅन्सेट, अल्कोहोलचे बोळे, हातमोजे. एका चमच्यासाठी भांडारापर्यंत गेलात की तीन मिनिटं गेली. ज्यांची साखर तपासायची आणि ज्यांना जेवणासोबत औषध लागतं ते आधी. जे निवांत असतात आणि ज्यांची एकच गोळी असते ते शेवटी. गोळ्या आधीच कपांत काढून नावं लिहून ठेवणं हा वेगाचा मार्ग वाटतो, पण तो धरू नका. दोन कपांची अदलाबदल झाली की कोणाच्या पोटात काय गेलं, हे शोधायला काही उरत नाही.

प्रत्येक औषध कार्डवर आणि पडद्यावरच्या औषधनोंदीत, म्हणजे एमएआरमध्ये, जुळवून बघा: काढताना, कपात टाकताना, कार्ड परत ठेवताना. नाव विचारताना ‘तुम्ही मिसेस अमुक ना?’ असं विचारू नका. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस कुठल्याही नावाला प्रेमाने ‘हो’ म्हणतं. ‘तुमचं नाव काय?’ असं विचारा, आणि एमएआरमधला फोटो आणि मनगटावरचा पट्टा बघा.

ठेच लागते ती नेहमीच्याच जागी. मेटोप्रोलोल टार्ट्रेट आणि मेटोप्रोलोल सक्सिनेट यांची नावं सारखी. पण दुसरं शरीरात हळूहळू सुटणारं, ते कुटायचं नाही. कुटलं तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. हायड्रॅलझिन बीपीसाठी, हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी. कार्डं शेजारीशेजारी असतात. पँटोप्राझोलवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, तेही कुटायचं नाही. गिळता येत नसेल तर कुटून मोकळं होऊ नका. फार्मसीला फोन करून द्रव स्वरूप आहे का ते विचारा आणि ऑर्डर बदलून घ्या.

‘वरचं बीपी १००च्या खाली किंवा नाडी ६०च्या खाली असेल तर देऊ नये’ अशी अट ऑर्डरमध्ये असते. ते आकडे त्या क्षणाचे लागतात. सीएनएने, म्हणजे मदतनीस नर्सिंग असिस्टंटने, तीन वाजता घेतलेले चालत नाहीत. डिगॉक्सिनआधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं, तर अनियमित लय हातातून निसटते.

रक्त पातळ करणारं वॉर्फरिन संध्याकाळी देतात, कारण आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, निकाल दिवसा येतो आणि त्यावरून डोस बदलतो. निकाल न बघता देऊ नका. वॉर्फरिनवरच्या माणसाला नवीन अँटिबायोटिक लिहून आलं, विशेषतः बॅक्ट्रिम, तर फोनवर आपणहून सांगा: ‘या वॉर्फरिनवर आहेत.’ दोन्ही मिळून रक्त फार पातळ होतं, आणि फोनवर ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांसमोर यादी असेलच असं नाही.

सरकारी तपासनीस येतात तेव्हा ते तुमच्यामागे उभं राहून निदान २५ औषधं दिलेली बघतात. चुकांचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी लागतं. पंचविसात एक चूक म्हणजे ४ टक्के, दोन म्हणजे ८. बाटली न हलवता दिलेलं सस्पेन्शन किंवा कुटू नये ती कुटलेली गोळी हीसुद्धा चूकच. त्या दिवसापुरती सावध पद्धत नसावी. रोजच्या हाताला तीच सवय असावी.

इन्शुलिन

इथं चूक सुईने कमी आणि ताटाने जास्त होते. लिस्प्रो किंवा अ‍ॅस्पार्ट हे जलद इन्शुलिन पाव तासात काम सुरू करतं. साडेचारला दिलं आणि जेवण साडेपाचला आलं, तर मधल्या तासात साखर कोसळते. म्हणून साखर आधी तपासा, पण इन्शुलिन ताट डोळ्यांनी दिसल्यावर द्या. सारखी उलटी होत असेल किंवा जेवायला नकारच असेल, तर देण्याआधी फोन करा.

बोटाचं रक्त घेताना हात आधी धुवायला लावा. फळाचा रस लागलेलं बोट खोटी जास्त साखर दाखवतं. अल्कोहोल लावलं तर वाळू द्या. टोच बोटाच्या बाजूला, मधोमध नाही, तिथं जास्त दुखतं. ग्लुकोमीटर प्रत्येक माणसानंतर जंतुनाशक फडक्याने पुसायचा आणि पाकिटावर लिहिलेली मिनिटं ओला राहू द्यायचा. नुसतं पुसून पुढे गेल्याने हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना अशाच केंद्रांमध्ये घडल्या आहेत. त्याच कारणाने पेन एका माणसाचं एकालाच, सुई बदलली तरी दुसऱ्याला नाही.

पेनला नवी सुई लावली की टोक वर धरून २ युनिट हवेत सोडा. थेंब दिसला पाहिजे. मग डोस लावा, टोचा, बटण पूर्ण दाबा आणि ६ ते १० सेकंद तसंच धरून ठेवा. लगेच सुई ओढली की कातडीवर थेंब राहतो, तो डोस अंगात गेलेला नसतो. पेन उघडल्याची तारीख लिहा. ग्लार्जिन, लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट २८ दिवसांनी टाकून द्यायचं. दिवसभर हळूहळू चालणारं ग्लार्जिन आणि जलद लिस्प्रो दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, म्हणून रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. ३० युनिट ग्लार्जिनऐवजी ३० युनिट लिस्प्रो गेलं, तर ती सरळ ९११ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करण्याची वेळ असते.

साखर ७०च्या खाली आणि माणूस शुद्धीवर, नीट गिळतंय: १५ ग्रॅम साखर द्या, म्हणजे साधारण १२० मिलिलिटर फळांचा रस. १५ मिनिटांनी परत तपासा, कमीच असेल तर परत द्या. सावरल्यावर काहीतरी खायला द्या, नाहीतर पुन्हा उतरते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. ऑर्डर असेल तर साखर वाढवणारं ग्लुकागॉन टोचा आणि ९११ लावा.

सीएनएला विचारा

अंघोळ, कपडे, जेवण, कूस बदलणं ही कामं सीएनए करतात. एका रेसिडेंटजवळ तुम्ही चार मिनिटं असता, त्या तासभर असतात. ‘आज त्या वेगळ्या वाटतायत’ असं सीएनए म्हणाली, की हातातलं काम ठेवून बघायला जा. नेमकं सांगता आलं नाही तरी ती चुकीची नसते. म्हातारपणी संसर्गाची सुरुवात बऱ्याचदा तापाने होत नाही. झोप वाढते, बोलणं तुटक होतं, जेवणाचा चमचा नको होतो. सीएनएला तिच्या नावाने हाक मारा आणि उचलायला मदत लागली तर जा. मशीनच्या झोळीने उचलताना दोन माणसं लागतातच.

कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, टाचा गादीवरून उचललेल्या ठेवायच्या. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून सोडा. पांढरी पडून परत लाल झाली तर दाब नुकताच पडलाय. तशीच लाल राहिली तर तो पहिल्या टप्प्याचा बेडसोर. सावळ्या आणि काळ्या कातडीवर ही लाली दिसत नाही. तिथं हाताच्या पाठीने बघा: आजूबाजूपेक्षा जागा गरम, थंड, कडक किंवा लिबलिबीत लागतेय का. जखम मोजताना लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी आडवी, खोली कापसाच्या काडीने, सगळं सेंटिमीटरमध्ये. दर आठवड्याला वेगळ्या दिशेने मोजलं तर बरी होणारी जखमही वाढलेली दिसते.

पोटातल्या नळीतून औषध देताना डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश वर ठेवा. प्रत्येक गोळी वेगळी विरघळवा. आधी, मध्ये आणि शेवटी पाणी सोडा. सगळ्या एकत्र केल्या की नळी तुंबते. तुंबलीच तर कोमट पाण्याने हळूहळू पुढे-मागे ओढा, जोर लावू नका.

फोन कधी आणि कसा

एलपीएन माहिती गोळा करते, बदल टिपते, कळवते. पहिलं सर्वंकष मूल्यमापन आणि काळजीचा आराखडा आरएनकडे असतो. शिरेतून थेट औषध, मध्यवर्ती नळी, रक्त चढवणं यांत राज्याराज्यांत फरक आहे. आपल्या बोर्डाचा नियम छापून जवळ ठेवा. ‘आधीच्या ठिकाणी आम्ही करायचो’ हे बोर्डापुढे चालत नाही.

फोन उचलण्याआधी माणसाजवळ उभं राहून ताजे आकडे घ्या. समोर एमएआर, अ‍ॅलर्जी, किडनीचा शेवटचा निकाल आणि कोड स्टेटस, म्हणजे हृदय थांबल्यास काय करायचं ते (‘फुल कोड’ म्हणजे वाचवायचे सगळे प्रयत्न करायचे), उघडून ठेवा. मग एसबारच्या क्रमाने बोला: आत्ता काय, मागचं काय, मला काय दिसतंय, मला काय हवंय. उदाहरणार्थ:

‘खोली १२, वय ८४. तीन वाजता बोलत होत्या, आता हाक मारली तरच डोळे उघडतात, जेवल्या नाहीत. हार्ट फेल्युअर आहे, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, फुल कोड. ताप १०१.२, नाडी १०८, बीपी ९८ वर ५६, श्वास २४, ऑक्सिजन हवेवर ९१. एरवी बीपी १३०च्या घरात आणि ऑक्सिजन ९६. मला गंभीर संसर्गाची काळजी वाटते. हॉस्पिटलला पाठवायची ऑर्डर हवी आहे.’

‘एरवी’चा आकडा यातला सर्वांत महत्त्वाचा, त्याच्याशिवाय ९८ हा नुसता अंक आहे. ऑर्डर मिळाली की लिहा, परत वाचून दाखवा, ‘बरोबर’ हा शब्द ऐका. हार्ट फेल्युअर असलेल्यांचं वजन एका दिवसात २-३ पौंड किंवा आठवड्यात ५ पौंड वाढलं, तर दम लागायची वाट बघू नका, तेव्हाच कळवा.

कोणी पडलं तर

आधी उचलू नका. शुद्ध, मान, डोकं, मग पाय बघा. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेर वळलंय, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तसंच ठेवून ९११. डोक्याला मार आणि रक्त पातळ करणारी गोळी, हे एकत्र आलं की बरं दिसत असलं तरी लगेच फोन. पडताना कोणी पाहिलं नसेल तर डोक्याला लागलंय असंच धरून चाला: बाहुल्या, हाताची पकड, बोलणं, सुरुवातीला दर १५ मिनिटांनी आणि मग केंद्राच्या तक्त्याप्रमाणे ७२ तासांपर्यंत. साखरही तपासा, बरेचदा पडण्याचं कारण तिथंच सापडतं.

नोंदीत पाहिलं तेवढंच लिहा. ‘पलंगावरून पडल्या’ हा अंदाज झाला. ‘७:४०ला पलंगाच्या उजव्या बाजूला जमिनीवर उजव्या कुशीवर आढळल्या, चाकाच्या खुर्चीचे ब्रेक उघडे, पायात मोजे’ ही नोंद. त्या मोज्यांवरून पुढचं पडणं टाळता येतं. घटनेचा अंतर्गत अहवाल वेगळा भरायचा आणि त्याचा उल्लेख रेसिडेंटच्या नोंदीत करायचा नाही. घरच्यांना त्याच पाळीत कळवा; सकाळी भेटायला आलेल्या मुलीने आईच्या कपाळावरचं टेंगूळ बघून विचारावं, ही वेळ येऊ देऊ नका.

चाव्या देताना

साडेदहापर्यंत नोंदी पुऱ्या करा. गोळी नाकारली असेल तर नाकारली असं लिहा, कारणासकट. दिली नाही आणि सही झाली, तर पुढच्या नर्सला दुखणं का वाढलं ते कळत नाही. नियंत्रित औषधाची वहीतली नोंद गोळी काढतानाच झालेली असली पाहिजे, शेवटी आठवून करायची नाही. जमिनीवर पडलेली किंवा थुंकलेली गोळी दुसऱ्या नर्ससमोर नष्ट करून दोघींच्या सह्या घ्या.

मग पुन्हा काउंट, आता तुम्ही वही वाचायची आणि तिने गोळ्या मोजायच्या. तिने कार्डं उलटून बघितली तर वाईट वाटून घेऊ नका, आणि नाही बघितली तर तुम्हीच उलटून दाखवा. रिपोर्टमध्ये जे अर्धवट राहिलं ते आधी सांगा: कोणाचा फोन परत यायचाय, कोणाची साखर एक वाजता तपासायचीय, पडलेल्या माणसाची न्यूरो तपासणी (बाहुल्या, पकड, बोलणं) कितव्या फेरीवर आहे. चाव्या तिच्या हातात द्या, आणि बाहेर पडण्याआधी स्वतःचे दोन्ही खिसे चाचपून बघा. कार्टची चावी घरी गेली, तर रात्री दोन वाजता दुखणाऱ्या माणसाची गोळी कुलपात अडकते.